‘दुखतंय’ म्हणायचं नाही: आइस हॉकीपटूची नोकरी आतून कशी असते

गोव्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. तरीही फोंडा, डिचोली, पेडण्यात आज अशी घरं आहेत जिथे आइस हॉकी हा शब्द ओळखीचा झालाय. कारण अर्थातच कॅनडा. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला गेलेल्या भावाची नाहीतर भाचीची पोरं शाळेच्या वयातच स्केट घालून बर्फावर उतरतात आणि समोरचा दात पडलेल्या नातवाचा फोटो आजीच्या व्हॉट्सॲपवर येतो. आजी आधी दाताची चौकशी करते. मग थोड्या दिवसांनी पैशांची: “यात म्हणे कोटींनी मिळतात?”

मिळतात. पण त्याच खेळातली माणसं गोळ्यांत, दारूत, दिवाळखोरीत सापडतात आणि काही तर तिशीच्या आत जग सोडून जातात. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, पैसा डोक्यात गेला. दुसरं, पोरगा मनाने कच्चा. मला दोन्ही पटत नाहीत. या खेळाडूंच्या चरित्रांत जरा खोल गेलं की दिसतं की त्यांची घरगुती दुःखं त्यांच्या नोकरीच्या रचनेतूनच निघालेली आहेत. ‘दुखतंय’ असं जो म्हणेल त्याची जागा धोक्यात येईल, अशीच ही नोकरी बेतलेली आहे. ते कसं, हे समजायला आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल, आणि मग करारपत्र.

बर्फावरचे नियम

मैदान साधारण ६१ मीटर लांब, २६ मीटर रुंद. भोवती फळ्यांचं कुंपण, वर जाड काच. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. जोरात मारलेला पक ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. गोलरक्षक धरून एका बाजूचे सहा जण बर्फावर, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. गोलरक्षक सोडला तर सलग कुणीच खेळत नाही. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, बाकावर यायचं, तोवर दुसरे पाच उतरलेले असतात.

म्हापशाला पेडेच्या टर्फवर जी हॉकी चालते तिच्यात कुणाला अंगाने ढकललं की शिट्टी वाजते. इथे पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने धडकणं नियमातच बसतं. नव्वदेक किलोचा माणूस ताशी तीस किलोमीटरने येतो आणि तुमच्या मागे फळी असते. हातमोजे टाकून मारामारी केली तर दोघांनाही पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि मग परत खेळात घेतात. आपल्या फुटबॉलमध्ये तेवढ्यासाठी लाल कार्ड मिळालं असतं.

खेळाचं एवढं पुरे. खरी गोष्ट कागदावर आहे.

सोळाव्या वर्षी घर सुटतं

सगळ्यांत वरची पायरी म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ संघ. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकाचे ८२ सामने (नव्या करारानुसार २०२६-२७ पासून ८४), त्यानंतर बाद फेऱ्या थेट जूनपर्यंत.

तिथे पोचायचं म्हणजे कॅनडातल्या गुणी पोराने सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडून ज्युनियर संघाच्या गावी जायचं. राहायचं परक्या कुटुंबात. संघच अशी यजमान घरं ठरवून देतो. दिवसा शाळा, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी बसमधून शेकडो किलोमीटर. २०१८ च्या एप्रिलमध्ये सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्ट ब्रॉन्कोस या ज्युनियर संघाची बस आणि ट्रक यांची धडक होऊन १६ जण गेले, तेव्हा कॅनडातल्या कित्येक घरांत आईबापांना आपलंच पोर त्या बसमध्ये दिसलं.

अठराव्या वर्षी निवड होते. सात फेऱ्या, ३२ संघ, म्हणजे वर्षाला २२४ पोरं. कुठल्या शहरात जायचं हे पोरगा ठरवत नाही, संघ ठरवतो. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असंही नाही. यातले बरेच जण एनएचएलचा एकही सामना न खेळता बाहेर पडतात, आणि जे पोचतात त्यांची तिथली कारकीर्द सरासरी पाचेक वर्षांची.

पुढे येतो तो दुहेरी करार. कागद एक, पगार दोन. वरच्या संघात आहात तोवर वरचा पगार, तोही दिवसाच्या हिशेबाने. खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवलं की त्या दिवसापासून खालचा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. खालचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासही असू शकतो. त्याखालीही एक लीग आहे, तिथे आठवड्याच्या पगारावर खेळतात. सकाळी फोन येतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस एका पायरीवरून दुसरीवर गेलेला असतो.

गोंयकाराला हे समजवायला फार खटपट पडू नये, कारण आपल्या वाड्यावाड्यांत तारवटी आहेत. कंत्राटावर बोटीवर जायचं, महिन्यांनी परतायचं, पुढच्या बोलावण्याची वाट बघायची, आणि मधे तो मेडिकल. कंबर धरलीय हे तारवटी बायकोला सांगतो, शेजाऱ्याला सांगतो, पण कंपनीच्या डॉक्टरला सांगत नाही. मेडिकल अडला की बोट गेली. हॉकीपटूचा मेडिकल रोज असतो, आणि त्याच्या जागेवर डोळा ठेवून बसलेला दुसरा पोरगा खालच्या लीगमध्ये तयारच असतो.

यातून मोठ्यांचीही सुटका नाही. वेन ग्रेट्स्की हा या खेळातला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू. एडमंटनला त्याने चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिलं. १९८८ च्या जुलैमध्ये त्याचं लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये त्याची लॉस एंजेलिसला अदलाबदल झाली, म्हणजे एका संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. त्याचं जर असं, तर तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या, म्हणजे आळीपाळीत कमी वेळ बर्फावर उतरणाऱ्या, खेळाडूची बायको पडदे शिवायला टाकताना काय विचार करत असेल? अदलाबदल रोखणारं कलम करारात असतं, पण ते वजन असलेल्यांनाच मिळतं. बाकीच्यांनी दोन दिवसांत बॅग भरायची. मुलांची शाळा, घराचं भाडं हे सगळं मागून बायकोने निस्तरायचं.

पैसा जातो कुठे

२००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्यातून पगारांवर मर्यादा आली: एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून अमुक एवढाच खर्च करायचा. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख झाली. आकडा वाढला, तत्त्व तेच. एका नक्षत्राला जास्त दिले की उरलेल्यांच्या वाट्याला कमी.

शिवाय करारावरचा आकडा हातात येत नाही. ऑन्टारियोत वरच्या उत्पन्नावर निम्म्याहून अधिक कर आहे. एजंटचे टक्के वेगळे. आणि एस्क्रो नावाचा एक प्रकार आहे: लीगच्या उत्पन्नात खेळाडू आणि मालक यांचा निम्मा-निम्मा वाटा ठरलेला असतो, म्हणून पगाराचा काही भाग आधीच कापून ठेवतात आणि वर्षाअखेरीस हिशेब लावतात. उत्पन्न कमी झालं तर कापलेलं परत येत नाही.

तरीही उरतं ते भरपूरच. प्रश्न असा की ते सांभाळायचं कुणी? वीस वर्षांचा पोरगा सोळाव्यापासून बर्फावर आहे. बँकेचं कागदपत्र त्याने कधी वाचलेलं नसतं. जॅक जॉन्सन या बचावपटूने २०११ मध्ये लॉस एंजेलिसशी सात वर्षांचा, ३ कोटी ५ लाख डॉलरचा करार केला. त्याचं मुखत्यारपत्र आईकडे होतं. आईवडिलांनी त्याच्या पुढच्या कमाईवर चढ्या व्याजाची कर्जं उचलली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मुखत्यारपत्राचे घोळ गोव्यात नव्याने सांगायची गरज नाही. इथल्या अर्ध्या जमिनींची कहाणी तीच आहे. पण जॉन्सन पुढेही वर्षानुवर्षं खेळत राहिला, तो खेळाच्या प्रेमापोटी की देण्यापोटी, हे बाहेरून कोण सांगणार?

कवटीच्या आत

आता शरीराकडे येऊ, कारण सगळं शेवटी तिथे येऊन थांबतं.

२०१३ च्या अंतिम फेरीत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी, निसटलेला खांदा आणि छिद्र पडलेलं फुप्फुस घेऊन खेळला. त्याच बाद फेऱ्यांत त्याचा सहकारी ग्रेगरी कॅम्पबेल पक अडवताना पायाचं हाड मोडल्यावरही बदली होईपर्यंत उभा राहिला. या गोष्टी तिथे पोवाड्यासारख्या सांगितल्या जातात. मलाही पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण बारा-तेरा वर्षांचा पोरगा हे ऐकतो तेव्हा काय शिकतो, तेही बघायला हवं. मोडलेलं हाड निदान क्ष-किरणात दिसतं. मेंदूला बसलेला हादरा दिसतही नाही.

त्या हादऱ्याला कंकशन म्हणतात. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगतो. डोकं अचानक थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदू क्षणभर मागे राहतो आणि पिळला जातो. चेतापेशींचे लांब धागे ताणले जातात, पेशीच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हा समतोल परत आणायला पेशींना जास्तीची ऊर्जा हवी असते, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. म्हणून डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, मळमळतं, नावं आठवत नाहीत, माणूस उगाच खेकसतो. शुद्ध हरपायलाच हवी असं मुळीच नाही. बहुतेकांची हरपत नाही. सीटी स्कॅन साफ येतो, कारण रक्तस्राव नसतो, बिघाड पेशींच्या पातळीवर असतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आतल्या मेंदूचं फिरणं ते थांबवू शकत नाही.

उपाय साधा आहे: खेळ लगेच थांबवायचा, एक-दोन दिवस विश्रांती, मग लक्षणं बघत पायरीपायरीने परत. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला तर नुकसान कितीतरी जास्त. म्हणजे बरं होण्यासाठी लागतो तो वेळ, आणि दुहेरी करारावरच्या खेळाडूकडे नेमकी तीच गोष्ट नसते.

सिडनी क्रॉस्बीची गोष्ट इथे उपयोगी पडते. पिट्सबर्गचा कर्णधार, त्या काळचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. २०११ च्या जानेवारीत पाच दिवसांत दोनदा डोक्याला मार बसला. तो परतला थेट नोव्हेंबरमध्ये, परतल्या दिवशी दोन गोल केले, आणि काही आठवड्यांत लक्षणं पुन्हा सुरू झाल्याने मार्च २०१२ पर्यंत परत बाहेर बसला. संघ थांबला, कारण तो क्रॉस्बी होता. त्याच आठवड्यात चौथ्या फळीतल्या एखाद्याचं डोकं ठणकत असेल तर त्याने काय केलं असेल? दोन गोळ्या घेतल्या असतील आणि डॉक्टरला म्हणाला असेल, मी ठीक आहे.

वर्षानुवर्षं हादरे बसत राहिले तर आणखी एक आजार उद्भवू शकतो, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई. टाउ नावाचं प्रथिन मेंदूच्या घड्यांमध्ये, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जातं. स्मरण जातं, राग आवरत नाही, उदासी येते. पंचाईत अशी की खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. एनएचएल खेळलेल्यांत ते पहिल्यांदा रेगी फ्लेमिंगच्या मेंदूत सापडलं, २००९ मध्ये. इथे एक सावधगिरी: तपासलेले मेंदू बहुधा अशाच कुटुंबांनी दिलेले असतात ज्यांना आधीच शंका होती. तेव्हा प्रत्येक खेळाडूला हा आजार होतोच असं त्यावरून म्हणता येत नाही. माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि लीगने दोष कबूल केला नाही. तीनेकशे माणसांत वाटली तर ती रक्कम किती होते, तुम्हीच भागाकार करा.

मुठींची नोकरी

डेरेक बूगार्डबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण वरचे सगळे धागे या एका आयुष्यात येऊन मिळतात.

जन्म १९८२, सस्कॅचेवानचा. वडील पोलिसात. उंची जवळजवळ दोन मीटर. स्केटिंग बेतास बात, पण मारामारीत जोर. त्या जोरावरच ज्युनियर संघांची नजर त्याच्यावर पडली. २००१ मध्ये मिनेसोटाने त्याला सातव्या फेरीत निवडलं. अशा खेळाडूला एन्फोर्सर म्हणतात. आपल्या संघातल्या नाजूक नक्षत्राला कुणी धडकलं की समोरच्या दांडग्याशी हातघाईवर यायचं, हे त्याचं काम. एनएचएलमध्ये बूगार्ड २७७ सामने खेळला आणि त्याने तीन गोल केले. प्रेक्षक मात्र त्याच्या नावाचे टी-शर्ट घालून यायचे.

हात पुन्हा पुन्हा मोडले. पाठ, खांदा, नाक, दात. प्रत्येक वेळी वेदनाशामक, त्यातही अफूच्या कुळातली. या गोळ्यांची गंमत अशी की मेंदूला त्यांची सवय होते: कालचा डोस आज पुरत नाही, आणि बंद केली तर वेदना पहिल्यापेक्षा वाढून परत येते. डॉक्टर अनेक, चिठ्ठ्या अनेक, आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं थोडंसंच लिहून दिलेलं. त्याच्या मृत्यूनंतर वडिलांनी हे कागद गोळा करायला घेतले तेव्हा त्यांचा ढीग झाला.

२००९ मध्ये उपचार घेऊन तो परत खेळायला आला. २०१० मध्ये न्यूयॉर्कने त्याला चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलर देऊ केले. त्या डिसेंबरात ओटावामध्ये एका मारामारीत डोक्याला मार बसला, आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला. पुढचे महिने न्यूयॉर्कच्या घरात एकटा, पडदे लावून. १३ मे २०११ रोजी, व्यसनमुक्ती केंद्रातून रजेवर आलेला असताना, दारू आणि ऑक्सिकोडोन ही अफूच्या कुळातली गोळी एकत्र घेतल्याने तो गेला. अपघाती मृत्यू, वय २८. बॉस्टन विद्यापीठात मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला, आणि तो त्या वयाच्या मानाने इतका पुढे गेलेला की तपासणारेही चकित झाले.

त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन (वय २७) आणि वेड बेलाक (वय ३५) हेही गेले. तिघांच्या मृत्यूची कारणं सारखी नव्हती, ती एका दोरीत ओवू नयेत. पण तिघांचं काम एकच होतं.

पुढे मारामाऱ्या खूप कमी झाल्या. याचं श्रेय लोक दयेला देतात. मला त्यात हिशेब जास्त दिसतो. पगारांवर मर्यादा आल्यावर आणि खेळ वेगवान झाल्यावर फक्त मुठी चालवणाऱ्याला जागा देणं संघांना परवडेना.

गप्प बसण्याचं शिक्षण

क्लिंट मॅलार्चुक बफेलोचा गोलरक्षक. २२ मार्च १९८९ रोजी गोलसमोर धडपड झाली आणि एका खेळाडूच्या स्केटच्या पात्याने त्याची मानेतली शीर कापली. व्हिएतनाम युद्ध पाहिलेला, संघात प्रथमोपचाराचं काम बघणारा माणूस धावला आणि बोटांनी शीर दाबून धरली, म्हणून तो जगला. तीनशेच्या आसपास टाके. दोन आठवड्यांच्या आत तो परत गोलमध्ये उभा होता आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. समुपदेशकाकडे कुणी पाठवलं नाही. तशी पद्धतच नव्हती. मग दुःस्वप्नं, दारू, तेच तेच विचार आणि त्याच त्या कृती. २००८ मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, वाचला, आणि तेव्हा कुठे डॉक्टरांनी त्या १९८९ च्या रात्रीपर्यंत धागा नेला. मधे एकोणीस वर्षं गेली होती.

गप्प बसण्याची दुसरी, जास्त काळी बाजू ज्युनियर संघांत आहे. पोरगा सोळाचा, आईबाप हजार किलोमीटरवर, आणि कोण खेळणार हे ठरवणारा माणूस एकच: कोच. शेल्डन केनेडीने आपल्या ज्युनियर कोचने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल तोंड उघडलं, आणि १९९७ मध्ये त्या कोचने, ग्रॅहम जेम्सने, गुन्हा कबूल करून साडेतीन वर्षांची शिक्षा घेतली. थिओ फ्लुरीने त्याच कोचबद्दल २००९ मध्ये सांगितलं. तोवर फ्लुरी स्टॅनली कप जिंकला होता, ऑलिंपिक सुवर्ण जिंकला होता, आणि दारू व कोकेनपायी कारकीर्द गमावून बसला होता. हे जुनं म्हणून सोडून देता येत नाही. २०१० मध्ये शिकागो संघाच्या व्हिडिओ कोचने काइल बीच या तरुण खेळाडूवर अत्याचार केला. वरिष्ठांच्या कानावर गेलं, पण कप जिंकेपर्यंत त्यांनी काही केलं नाही. बीचने नावानिशी सांगितलं ते २०२१ मध्ये, आणि संघाला २० लाख डॉलर दंड झाला.

वर्णाचा मुद्दा आपल्या भाच्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा, म्हणून दोन गोष्टी. एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू विली ओ’री, १८ जानेवारी १९५८. त्याला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. पक लागून तो डोळा आधीच गेला होता. त्याने ते लपवलं, कारण कळलं असतं तर घरी पाठवलं असतं. लपवण्याची परंपरा अशी जुनी आहे. आणि २०१९ मध्ये अकीम अलिउ या खेळाडूने सांगितलं की दहा वर्षांपूर्वी खालच्या लीगमध्ये कोचने त्याला वर्णावरून शिवी दिली होती. तो कोच तोवर एनएचएलमध्ये पोचला होता, त्याला पद सोडावं लागलं. मूळ भारतीय घरातले खेळाडू तिथे १९८९ पासून आहेत. पहिला रॉबिन बावा, ब्रिटिश कोलंबियातल्या पंजाबी कुटुंबातला.

काय बदललं

लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून १९९६ मध्ये मदतीची एक योजना सुरू केली. व्यसन, नैराश्य, काहीही असो, खेळाडू स्वतःहून जाऊ शकतो. पहिल्या वेळी पगार कापला जात नाही आणि कारण जाहीर करावं लागत नाही. नियम तोडत राहिलं की बिनपगारी निलंबन. कागदावर योजना चांगली. पण ती सुरू असतानाच बूगार्ड गेला, हेही लक्षात ठेवावं. योजना असणं आणि तिच्यापर्यंत जायची लाज न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट घडवली ती खेळाडूंनीच. २०१८ च्या सप्टेंबरात गोलरक्षक रॉबिन लेनरने आपलं व्यसन आणि बायपोलर आजार यांबद्दल स्वतः लिहिलं. त्या वेळी त्याने आपली कारकीर्दच पणाला लावली होती. पुढच्याच मोसमात तो लीगच्या उत्तम गोलरक्षकांत होता, आणि चिकाटीसाठी दिला जाणारा मास्टरटन पुरस्कार त्याला मिळाला. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलचा केरी प्राइस, संघाला अंतिम फेरीत नेऊन काही महिन्यांतच, मदतीच्या योजनेत दाखल झाला. प्राइससारखा माणूस जातो म्हटल्यावर खालच्यांना जायला थोडं सोपं होतं.

मैदानावरही बदल झाले. २०१० मध्ये बॉस्टनच्या मार्क सवार्डला न दिसणाऱ्या बाजूने डोक्यावर धडक बसली, त्यानंतर तशा धडकेवर बंदी आली. आता स्टेडियमच्या वर माणसं बसतात, त्यांचं काम एवढंच की कुणी डगमगताना दिसला तर त्याला तपासणीसाठी बाहेर काढायला लावायचं. मला हा सगळ्यांत शहाणा बदल वाटतो, कारण त्यात ‘मला लागलंय’ हे खेळाडूने स्वतः म्हणायची गरजच उरत नाही.

बायकांच्या खेळात चित्र वेगळं. तिथे आघाडीच्या खेळाडूही दिवसा दुसरी नोकरी करायच्या. एक मजबूत लीग, पीडब्ल्यूएचएल, सुरू झाली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये, सरासरी पगार ५५ हजार डॉलरचा. गंमत म्हणजे खेळ संपल्यावर काय करायचं, याचं उत्तर यातल्या बऱ्याच जणींकडे आधीपासून असतं, आणि लक्षाधीश पुरुषांकडे नसतं.

कारण पस्तिशीच्या आतबाहेर सगळं थांबतं. सहाव्या वर्षापासून दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखून दिलेला; एक दिवस वेळापत्रक यायचं बंद होतं. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा इथल्या फुटबॉलपटूंना या रिकामपणाची थोडी कल्पना आली असेल. हॉकीपटूच्या वाट्याला त्यात दुखरे सांधे येतात, कदाचित गोळ्यांची सवय येते, आणि सोळाव्या वर्षी सोडलेलं घर, जिथे आता त्याला नीट कुणी ओळखत नाही.

मग नातवाला खेळू द्यायचं का? मला विचाराल तर हो, द्यावं. लहान मुलांची हॉकी आणि ही नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० मध्ये कॅनडातच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या मुलांची तुलना होती: जिथे अंगाने धडकायला परवानगी होती तिथे कंकशनचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयोगटात धडक बंद केली. त्यापुढच्या वयातही धडक नसलेले गट बऱ्याच ठिकाणी असतात. कोचला विचारायला हवं. गळ्याला संरक्षक पट्टा हवाच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला ॲडम जॉन्सन स्केटचं पातं मानेला लागून गेला, त्यानंतर जगभर या पट्ट्याची सक्ती वाढत गेली. एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्या खेळाडूंना तो घालावाच लागणार आहे. आणि सामन्यानंतर पोरगा डोकं दुखतंय म्हणाला, किंवा न म्हणता नुसताच गप्प, चिडका, उजेड टाळणारा झाला, तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर नाही, आणि डॉक्टरने लेखी सांगेपर्यंत सामना नाही, मग दुसऱ्या दिवशी अंतिम सामना का असेना.